कुणाची जोडी कुणाशी? डेल्टा स्मेल्ट आणि आनुवंशिकीतज्ज्ञाचं काम

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या नद्या सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळण्याआधी एकमेकींत मिसळतात. तिथल्या त्रिभुज प्रदेशाच्या, म्हणजे डेल्टाच्या, मचूळ पाण्यात डेल्टा स्मेल्ट नावाचा मासा राहतो. जगात दुसरीकडे कुठेही तो नाही. लांबी पाच ते सात सेंटिमीटर, अंग जवळजवळ पारदर्शक, त्यावर पोलादी निळी झाक, आणि वास चक्क काकडीचा. आयुष्य बहुतेकांचं एकाच वर्षाचं. हिवाळ्याच्या शेवटी गोड्या पाण्याकडे सरकायचं, वसंतात अंडी घालायची आणि मरायचं. दुसरा वसंत पाहणारे थोडेच.

हे एक वर्षाचं आयुष्य लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं. सॅमनसारख्या माशाचा एक हंगाम वाया गेला, तरी वेगवेगळ्या वयाचे मासे समुद्रात शिल्लक असतात. डेल्टा स्मेल्टचा एक वसंत हुकला तर जवळजवळ अख्खी पिढी हातची गेली. असा मासा टाकीत सांभाळायचा झाला, तर दरवर्षी, न चुकता, कुणाची जोडी कुणाशी लावायची हे ठरवावं लागतं. ते ठरवण्याची जबाबदारी आनुवंशिकीतज्ज्ञावर येते. संवर्धनातला आनुवंशिकीतज्ज्ञ म्हणजे नमुने तपासून शोधनिबंध लिहिणारा माणूस, अशी अनेक विद्यार्थ्यांची समजूत असते. इथे तो निर्णय घेतो, आणि त्या निर्णयाचं फळ पुढच्याच वर्षी टाकीत पोहताना दिसतं.

मासा संपत कसा आला

या खाडीत शरद ऋतूत ट्रॉल जाळं ओढून माशांची मोजणी करण्याचा उपक्रम १९६७पासून चालू आहे. त्यातून डेल्टा स्मेल्टसाठी जो निर्देशांक काढतात, तो १९७० साली १,६७३ होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो कोसळला. १९९३ साली मासा संघराज्य आणि राज्य अशा दोन्ही कायद्यांखाली संरक्षित यादीत आला. २०००नंतर आणखी एक घसरण झाली, आणि २०१८ साली निर्देशांक शून्यावर पोचला. पुढच्या वर्षांतही या जाळ्याला डेल्टा स्मेल्ट लागला नाही. शून्य म्हणजे नामशेष असं मात्र नाही. खास या माशासाठी केलेल्या बारकाईच्या पाहण्यांत तुरळक मासे सापडत राहिले.

कारण एकच असतं तर प्रकरण सोपं होतं. त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकाला संघराज्याचे आणि राज्याचे प्रचंड पंप आहेत. त्यांच्या पाण्यावर सुमारे अडीच कोटी लोक आणि लाखो एकर शेती अवलंबून आहे. पंप ओढू लागले की पाण्याची दिशाच पालटते आणि मासेही ओढले जातात. त्यात १९८६ साली आशियातून एक छोटा शिंपला इथे येऊन पोचला. जहाजांचा तोल राखण्यासाठी त्यांत भरतात त्या पाण्यातून आला असावा. त्याने पाणी गाळून गाळून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, फस्त केले आणि स्मेल्टचं अन्नच कमी झालं. पाणी अधिक नितळ झालं. गढूळ पाण्याच्या आडोशाने जगणाऱ्या माशाला ते घातक. उन्हाळ्यात पाणी तापू लागलं. बाहेरून आणलेले शिकारी मासे होतेच, शेतातली कीटकनाशकंही होती.

२००७ साली फेडरल न्यायाधीश ऑलिव्हर वँगर यांनी स्मेल्टच्या रक्षणासाठी पंपांवर मर्यादा घातल्या, तेव्हापासून हा बोटाएवढा मासा राजकारणात ओढला गेला तो गेलाच. शेतकरी विरुद्ध मासा अशी मांडणी झाली. ती मला कायम अन्यायकारक वाटत आली आहे. पाणी कुणाला किती द्यायचं हा माणसांमधला वाद आहे. मासा त्यातला केवळ एक मोजमाप आहे, आणि सगळ्यात आधी मरणारा.

बायरनच्या टाक्या

जंगलातली संख्या अशी घसरताना पाहून २००८ साली एक राखीव कळप उभारला गेला. त्याआधी पकडलेल्या जंगली माशांपासून त्याची सुरुवात झाली. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं मत्स्यसंवर्धन केंद्र बायरन गावाजवळ आहे, राज्याच्या पंपांच्या अगदी शेजारी. कळप तिथे ठेवला गेला. एकाच ठिकाणी सगळं ठेवणं धोक्याचं, म्हणून शास्ता धरणाच्या पायथ्याशी असलेल्या लिव्हिंगस्टन स्टोन हॅचरीत त्याची दुसरी प्रत सांभाळली गेली. मासे वाढवणारे बायरनला, आणि त्यांच्या नात्यागोत्याचा हिशेब ठेवणारी जीनोमिक व्हेरिएशन प्रयोगशाळा डेव्हिसला. ही प्रयोगशाळा बर्नी मे यांनी उभारलेली. तिथे कॅथलीन फिश यांनी डॉक्टरेटचं काम म्हणून या कळपाच्या जनुकीय व्यवस्थापनाची घडी बसवली.

ही घडी नीट समजून घेण्यासारखी आहे.

टाकीत हजारो मासे. दिसायला सगळे सारखे. पिल्लं इतकी नाजूक की लहानपणी त्यांना खूण करता येत नाही. प्रत्येक कुटुंबाला वेगळी टाकी द्यावी तर शेकडो टाक्या लागतील. म्हणून काही कुटुंबांची अंडी सारख्या प्रमाणात मोजून एकाच टाकीत एकत्र वाढवतात. वर्षभरात ती पिल्लं प्रौढ होतात, आणि तोवर कोण कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही. मग माशाला अक्षर-अंकांची इवलीशी खूणचिठ्ठी लावतात, पराचा बारीक तुकडा कापून घेतात आणि तो प्रयोगशाळेत पाठवतात.

तिथे त्या तुकड्यातल्या डीएनएवरच्या बारा ठरावीक जागा वाचल्या जातात. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. तिथे दोन-चार अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो, आणि किती वेळा लिहिलाय ते माशागणिक बदलतं. प्रत्येक माशाकडे प्रत्येक जागेच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. मागच्या वर्षीच्या सगळ्या पालकांच्या नोंदी हाताशी असतात. त्यामुळे या पिल्लाची एक प्रत या मादीशी जुळते का, दुसरी त्या नराशी जुळते का, असं बाराही जागांवर तपासत गेलं की चुकीचे पालक एकेक करून बाद होतात आणि खरी जोडी उरते. वंशावळीत आणखी एक ओळ भरली जाते. पहिल्या पिढीपासून आजपर्यंत ही साखळी अखंड ठेवलेली आहे.

आता मुख्य काम. वंशावळीवरून प्रत्येक माशाचं उरलेल्या अख्ख्या कळपाशी सरासरी किती नातं आहे, ते काढतात. ज्याचे नातेवाईक थोडे, त्याच्याकडे दुर्मिळ जनुकं असण्याचा संभव जास्त, म्हणून त्याला जोडीसाठी प्राधान्य. ज्या कुटुंबाची पिल्लं भरमसाट जगली, त्यातल्या बहुतेकांना संधी नाही. शिवाय जोडीतले दोघे एकमेकांचे जवळचे नातलग नसावेत. सोयरीक जुळवताना घरातली वडीलधारी माणसं नातं काढत बसतात ना, तसंच हे, फक्त एका वसंतात शेकडो जोड्यांचं, आणि घड्याळाशी शर्यत लावून. मादीची अंडी पिकली की ती वाट पाहत नाही. यादीत तिच्यासाठी ठरवलेला नर त्या दिवशी तयार नसेल, तर पर्याय लगेच सांगावा लागतो. यादी आदर्श असते, टाकी कधीच नसते. केंद्रातली माणसं आणि प्रयोगशाळेतली माणसं यांच्यात हंगामभर निरोपांची ये-जा चालू राहते, आणि माझ्या मते या प्रकल्पाच्या यशाचा मोठा वाटा त्या ये-जा करण्यात आहे. गणित पुस्तकात मिळतं. हाताळणीत दगावणारा मासा सांभाळणाऱ्या माणसाचा विश्वास पुस्तकात मिळत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? टाकीत किती मासे आहेत यापेक्षा पुढच्या पिढीत किती जणांचा वाटा पडतो, याला आनुवंशिकीत महत्त्व आहे. त्या संख्येला परिणामी संख्या म्हणतात. अंतःप्रजनन, म्हणजे नातलगांमधलं प्रजनन, पिढीगणिक वाढण्याचा वेग तिच्या दुपटीच्या व्यस्त प्रमाणात असतो. परिणामी संख्या पन्नास असेल तर दर पिढीला एक टक्का. एक टक्का ऐकायला थोडा वाटतो, पण या माशाची पिढी एका वर्षाची आहे. सॅमनला जिथे कित्येक दशकं लागतील, तिथे हा मासा दहा-पंधरा वर्षांत पोचतो. मासे आपापसांत वाटेल तसे विऊ दिले, तर काही थोड्या जोड्यांचीच पिल्लं टाकी भरून टाकतात आणि परिणामी संख्या प्रत्यक्ष संख्येपेक्षा कितीतरी खाली येते. उलट प्रत्येक जोडीचा वाटा अगदी समान ठेवता आला, तर सिद्धांतानुसार ती प्रत्यक्ष संख्येच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. त्याच टाक्या, तेच मासे, नुसत्या जोड्या विचार करून लावल्या की एवढा फरक. या क्षेत्रात येणाऱ्याने हे गणित एकदा स्वतः कागदावर करून पाहावंच.

टाकीत टिकणारा मासा

इथवर सगळं ठीक. या प्रकरणातली खरी कोंडी पुढे आहे.

टाकीतल्या पाण्यात शिकारी नाही. अन्न वेळेवर येतं. तापमान ठरलेलं असतं. अशा ठिकाणी कुठली पिल्लं जास्त जगतात? टाकीला मानवणारी. जी बुजरी नाहीत, आयतं अन्न पटकन घेतात, गर्दीत गुदमरत नाहीत. कुणी मुद्दाम निवड करत नसलं तरी निवड होतच राहते. जोड्यांचा वाटा समान ठेवला तर कुटुंबाकुटुंबांमधली निवड बरीचशी थांबवता येते. कुटुंबाच्या आतली, म्हणजे भावंडांपैकी कोण जगलं, ही निवड थांबवता येत नाही. पिल्लं अंड्यातून बाहेर येतात आणि प्रौढ होऊन पर कापायला हातात येतात, या मधल्या काळात ती मुकाट्याने चालू असते.

ती किती झाली हे मोजण्यासाठी अमांडा फिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंशावळीचाच उपयोग केला. प्रत्येक माशाच्या पूर्वजांनी किती पिढ्या बंदिवासात काढल्या, याचा आकडा त्यांनी काढला. जंगलातून नुकताच आणलेला मासा शून्यावर. पुढे जसजशा टाकीतल्या पिढ्या वाढतात, तसा आकडा वाढतो. २०१८ साली त्यांनी नऊ पिढ्यांचा हिशेब प्रसिद्ध केला: आकडा जितका जास्त, तितकी त्या पालकांची पिल्लं टाकीत जास्त जगत होती. म्हणजे सोयरिकीचे सगळे नियम पाळूनही कळप टाकीशी जुळवून घेत होता.

हा निष्कर्ष मला या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. स्वतःच चालवलेल्या व्यवस्थेतला दोष त्यांनी स्वतःच्याच वंशावळीतून शोधला आणि जगापुढे मांडला. अखंड वंशावळ नसती तर हा दोष दिसलाच नसता.

उपाय माहीत आहे: दरवर्षी काही जंगली मासे आणून कळपात मिसळायचे. त्यांच्यासोबत नवी जनुकं येतात आणि बंदिवासाचा आकडा खाली येतो. हे सुरुवातीपासून केलंही जात होतं. पण जंगलातला मासाच जसजसा संपत गेला, तसतसा हा उपाय हातातून निसटत गेला. आणि प्रश्न जास्तच अवघड झाला. नदीत मूठभर मासे उरलेले असताना त्यातले काही टाकीत आणायचे का? आणले तर नदीतला विणीचा हंगाम आणखी दुबळा होतो. न आणले तर ते बहुधा नदीतच मरतील आणि त्यांची जनुकं कायमची जातील.

मी आणण्याच्या बाजूने आहे. एक वर्ष जगणाऱ्या माशाला नदीत जोडीदार सापडण्याची शक्यताच इतकी कमी झाली असेल, तर त्याला तिथे ठेवण्याने नदीचा फायदा होत नाही. टाकीत त्याच्या जनुकांना शंभर जोडीदार मिळतात. पण हे मत बदलू शकतं, आणि कुठल्या आकड्यावर बदलायचं हे आधी लिहून ठेवणं हेच अशा प्रकल्पातल्या आनुवंशिकीतज्ज्ञाचं खरं कर्तव्य आहे.

सारखे दिसणारे दोन

थोडं मागे जायला हवं. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या जलाशयांत जपानहून वाकासागी नावाचा लहान मासा आणून सोडला गेला, मोठ्या माशांना खाद्य म्हणून. तो दिसायला डेल्टा स्मेल्टसारखाच. इतका सारखा, की १९६३ साली मॅकॅलिस्टर यांनी दोघांना एकाच जातीच्या दोन उपजाती ठरवलं. पुढे जनुकीय तपासणी झाली. १९९५ साली प्रथिनांच्या तुलनेवरून निघालेला निष्कर्ष स्पष्ट होता: दोन्ही जाती वेगळ्या आहेत, आणि दिसण्यावरून वाटतं तितकं त्यांचं जवळचं नातंही नाही. तोवर वाकासागी जलाशयांतून नद्यांवाटे खाली खाडीत उतरला होता. दोघांचे संकरही सापडू लागले.

व्यवहारात याचा अर्थ असा, की पंपापाशी किंवा जाळ्यात सापडलेला एखादा मासा कुठला हे नुसत्या नजरेने ठरवणं धोक्याचं. आणि टाकीत आणला जाणारा प्रत्येक जंगली मासा आधी तपासायलाच हवा. एक संकर नजरचुकीने वंशावळीत शिरला तर पुढच्या सगळ्या पिढ्यांत त्याचा अंश पसरेल. मेलिंडा बेअरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२० साली क्रिस्परवर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा हुडकणाऱ्या तंत्रावर, आधारलेली चाचणी दाखवली. माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत द्रवाचा बोळा घेऊन, मासा न मारता, थोड्या वेळात जात ओळखता येते. त्याआधी याच शास्त्रज्ञांनी शिकारी माशांच्या पोटातल्या डीएनएवरून स्मेल्ट कोण खातं याचाही माग काढला होता.

एका माणसाच्या कारकिर्दीत तंत्र इतक्यांदा बदलतं. प्रथिनं गेली, मायक्रोसॅटेलाइट आले, मग अख्खा जीनोम वाचण्याचे दिवस आले. विद्यार्थी विचारतात, कुठलं तंत्र शिकू? जे हाताशी आहे ते शिकावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुन्या नोंदी नव्या तंत्राशी जोडून ठेवायला शिकावं. या कळपाची वंशावळ पीएचडीचे विद्यार्थी येऊन गेले, प्रमुख बदलले, यंत्रं बदलली तरी चालू राहिली. ज्याला आपल्या नावाचा एक मोठा शोध हवा असेल त्याने या वाटेला येऊ नये. इथे कामाचं यश म्हणजे दहा वर्षांपूर्वीची विविधता आजही जवळपास तेवढीच आहे हे दाखवणारा तक्ता. त्या तक्त्याची बातमी होत नाही. निधी मात्र त्याच्याच जोरावर दरवर्षी नव्याने मागावा लागतो, तोही पाणी खात्यांकडून, ज्यांचे पंप वादात आहेत. त्यात आपले आकडे कुणाच्याही सोयीने वाकू न देणं हा या नोकरीतला रोजचा कस आहे.

सोडणं

डेव्हिसचे ज्येष्ठ मत्स्यशास्त्रज्ञ पीटर मॉयल यांनी २०१५ सालीच बजावलं होतं, की हा मासा नामशेष होण्याची तयारी ठेवा. सोडण्याची तयारी त्या मानाने सावकाश झाली. आधी पिंजऱ्यांत ठेवून टाकीतले मासे नदीच्या पाण्यात टिकतात का ते पाहिलं गेलं. शेवटी डिसेंबर २०२१मध्ये सॅक्रामेंटो नदीवर रिओ व्हिस्टाजवळ टाकीत वाढलेले मासे पहिल्यांदा नदीत सोडले गेले. पहिल्याच हंगामात ५०,०००हून अधिक. प्रत्येकाला खूण केलेली, कुणाचा छोटा पर कापून, कुणाच्या कातडीखाली रंगीत द्रव घालून. पुढच्या हिवाळ्यांतही मासे सोडणं चालू राहिलं. त्यातले काही पुन्हा जाळ्यात सापडले.

सोडायला उशीर झाला का? झाला, असं मला वाटतं, आणि त्यामागची भीती खोटी नव्हती तरीही. टाकीला सरावलेले मासे मोठ्या संख्येने सोडले तर उरलेल्या जंगली माशांची जनुकं त्यांच्यात बुडून जातील, ही ती भीती. नदीत जंगली मासे चांगल्या संख्येने असताना ती बिनतोड होती. जंगली मासे जाळ्याला लागेनासे झाल्यावर तिचं वजन उरलं नाही. तोवर टाकीतल्या पिढ्या मात्र वाढतच होत्या. भीती वाटण्याचं कारण गेलं, तेव्हाच निर्णय फिरायला हवा होता.

शिवाय सोडून भागतही नाही. त्याच खाडीत तोच शिंपला आहे, तेच तापलेलं नितळ पाणी, तेच पंप. आनुवंशिकीतज्ज्ञाने २००८पासून या माशाला दरवर्षी एक वर्ष मिळवून दिलं. त्या वर्षांत नदीत काय सुधारलं, हा प्रश्न त्याच्या अखत्यारीत येत नाही, पण तो विचारायचा हक्क सर्वांत जास्त त्यालाच आहे. जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यांचं खापर डोनाल्ड ट्रम्प यांनी याच माशावर फोडलं, तेव्हा शास्त्रज्ञांनी पुढे येऊन पाण्याचे खरे हिशेब मांडले. तेही याच कामाचा भाग.

एक तांत्रिक मुद्दा उरतो, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा पुढचा टप्पा तोच आहे. टाकीतून सोडलेला मासा एक हिवाळा नदीत काढून पुन्हा जाळ्यात सापडला, तर वंशावळीनुसार तो टाकीचाच, त्याचा बंदिवासाचा आकडा मोठा. पण त्याच्या हजारो सोबत्यांपैकी नदीने त्याला निवडलं आहे. टाकीतल्या निवडीच्या उलट दिशेची निवड त्याच्यावर झालेली आहे. नव्या जंगली माशांचा पुरवठा आटलेला असताना या माशाला परत आणून यादीत वर बसवावं, त्याच्या जोड्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी, आणि त्याच्या पिल्लांना पुढच्या वर्षी सोडण्यासाठी आधी निवडावं. नात्याची सरासरी कदाचित त्याच्या विरोधात जाईल, कारण त्याचे चुलत-मावस भाऊ टाकीत भरपूर असतील. तिथे सरासरीला थोडी मुरड घालावी. किती, हे मोजता येतं: त्याची पिल्लं आणि टाकीतल्याच पालकांची पिल्लं वेगवेगळ्या खुणांनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी सोडायची, आणि पुन्हा सापडतील त्यांच्या परांचे तुकडे पाहायचे.